टनाला किती युनिट

माझ्या पहिल्या कामाचे १८,००० रुपये ठरले होते आणि ते हातात पडायला पाच महिने लागले. काम संपलं असं कुणी आणि कशावरून म्हणायचं, हेच आम्ही लिहून घेतलं नव्हतं.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली मध्यम आकाराची फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणारा कारखाना. इंजिनाची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, पुण्याकडच्या एका मोठ्या वाहन कंपनीला जायची, आणि त्या कंपनीकडून एक एक्सेल शीट आली होती. वर्षात वीज किती वापरली, डिझेल किती जाळलं, पाणी किती घेतलं, कचरा कुठे गेला, अपघात किती झाले, असे ऐंशीच्या वर प्रश्न. मालकांनी ती अकाउंटंटकडे दिली, अकाउंटंटने एचआरकडे, एचआरने मेंटेनन्सकडे. तीन आठवडे फिरून ती पुन्हा मालकांच्या टेबलावर आली, तेव्हा त्यांनी मला फोन केला. "ताई, तुम्ही असलं काहीतरी करताय म्हणं. एकदा येऊन जावा की."

"असलं काहीतरी" म्हणजे सस्टेनेबिलिटी कन्सल्टिंग, कारखान्याची वीज, इंधन, उत्सर्जन यांचा हिशोब मांडायचा आणि ते कमी कसं करायचं ते सांगायचं. २०२२ च्या जूनमध्ये मी नोकरी सोडली होती. त्याआधी ११ वर्षं दुसऱ्या एका फाउंड्रीत मेंटेनन्सला होते. इंडक्शन भट्टीची कॉइल, कूलिंग टॉवर, कॉम्प्रेसर, सँड प्लांटचे कन्व्हेयर, हे माझं रोजचं जग. पर्यावरणाकडे मी पुस्तकातून आले नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. तयार माल गोडाऊनमध्ये पडून, कच्चा माल पलीकडे अडकलेला, कामगारांच्या घरात पाणी. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. आमच्या कास्टिंग शॉपमधल्या एका मुलाने दोन वर्षांत दोनदा घरातली भांडी छताला टांगली होती. पुराला कारणं अनेक असतात, आणि एका फाउंड्रीच्या धुराड्याचा त्याच्याशी सरळ धागा जोडणं मला पटत नाही. पण आपण रोज इतकी वीज जाळतो, त्यातली नाहक जाणारी किती, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून गेला नाही.

नोकरी करता करताच मी बीईई म्हणजे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा दिली. चार पेपर असतात. पहिल्या तिनांत पास झालात तर एनर्जी मॅनेजर, चौथाही निघाला तर एनर्जी ऑडिटर. चौथा पेपर पुस्तक उघडून लिहायचा असतो आणि तोच सगळ्यात अवघड, कारण बॉयलर किंवा पंप समोर ठेवून हिशोब करायचा असतो आणि पुस्तकात उत्तर नसतं. दुसऱ्या प्रयत्नात सुटले. नवऱ्याची पगाराची नोकरी होती आणि वर्षभराचा घरखर्च मी बाजूला काढून ठेवला होता, म्हणून राजीनामा देऊ शकले. कुणी मला विचारतं, "किती भांडवल लागतं?" तेव्हा मी तो घरखर्चाचा आकडाच सांगते. लॅपटॉप आणि क्लॅम्पमीटर होताच. पॉवर अॅनालायझर, म्हणजे विजेची बारकाईने मोजणी करणारं यंत्र, त्याची किंमत लाखात, म्हणून पहिली दोन वर्षं भाड्याने आणला.

त्या एक्सेल शीटमागे काय होतं तेही सांगते, कारण धंदा तिथूनच सुरू झाला. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२१ मध्ये बीआरएसआर नावाचा, कंपनीच्या पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा, अहवाल आणला आणि बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना तो २०२२-२३ पासून सक्तीचा केला. आमच्याकडच्या बहुतेक फाउंड्र्या प्रोप्रायटरी किंवा प्रायव्हेट लिमिटेड, शेअर बाजाराशी त्यांचा संबंध नाही. पण त्यांचा माल ज्यांच्याकडे जातो त्या कंपन्या या यादीत आहेत, आणि त्या आपल्या पुरवठादारांना विचारू लागल्या. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले मिळून फाउंड्र्यांची संख्या शेकड्यांत. एकेकाच्या मेलवर अशा शीट येऊन पडायला लागल्या.

पहिल्या कामात माझ्या हातून एक चूक झाली. ती सविस्तर सांगते.

विजेपासूनच्या उत्सर्जनाचा हिशोब वरवर सोपा आहे. वर्षाचे युनिट घ्यायचे आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने दिलेल्या गुणकाने गुणायचं. तेव्हा युनिटमागे साधारण ०.७१ किलो कार्बन डायऑक्साइड धरत होतो. मी बारा महिन्यांची बिलं मागवली, "बिल्ड युनिट" या रकान्यातले आकडे उतरवले, बेरीज आली २३ लाख २२ हजार. गुणलं, डिझेलचं लिटरला २.७ किलोच्या हिशोबाने मिळवलं, शीट भरली, पाठवून दिली.

नऊ दिवसांनी, रात्री दुसऱ्या एका कामासाठी तेच बिल उघडलं आणि पोटात गोळा आला. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर निघतं. केव्हीएएचमध्ये प्रत्यक्ष कामाला न लागणारी वीजही धरलेली असते. उत्सर्जनाचा गुणक मात्र केडब्ल्यूएचसाठी, म्हणजे खरोखर वापरलेल्या युनिटसाठी असतो. एकाच बिलावर दोन रकाने, आणि मी चुकीचा उचलला होता. खरी वापरलेली वीज होती २१ लाख ६० हजार युनिट. म्हणजे मी त्या फाउंड्रीच्या नावावर सुमारे ११५ टन कार्बन जास्तीचा चढवला होता. अकरा वर्षं ज्या बिलांच्या झेरॉक्स मी स्वतः फाइलला लावल्या, त्यातलीच ही चूक.

सकाळी आठला मालकांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. काय झालंय ते सांगितलं, दुरुस्त शीट समोर ठेवली आणि म्हणाले, ही तुमच्या ग्राहकाला पाठवायला हवी, चूक माझी आहे असं मी मेलमध्ये लिहीन. ते बराच वेळ बिलाकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "ह्या दोन आकड्यांत इतका फरक का ओ?"

या प्रश्नाने कामाची दिशाच बदलली. फरक होता कारण पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली खरी कामाला लागणारी किती याचं प्रमाण, ०.९३ वर आलेला. भट्टी जुनी, ते प्रमाण सुधारणाऱ्या कपॅसिटर बँकेतले निम्मे कपॅसिटर गेलेले, आणि कुणाचं लक्ष नव्हतं. बिल केव्हीएएचवर असल्याने तो फरक दर महिन्याला खिशातून जात होता. पॉवर फॅक्टर ०.९९ पर्यंत आणला तर वर्षाला दहा लाखांच्या आसपास वाचत होते. (इंडक्शन भट्टी असेल तर नुसते कपॅसिटर आणून बसवू नका. हार्मॉनिक्समुळे, म्हणजे भट्टीमुळे विजेच्या लहरीत होणाऱ्या बिघाडामुळे, ते फुगतात, फुटतात. रिअॅक्टरसह डीट्यून्ड पॅनेल घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.) चार महिन्यांत पॅनेल बसलं. माझे १८,००० रुपये त्याच महिन्यात आले आणि सोबत पुढच्या वर्षाचं काम आलं.

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक शीटला एक जोडपत्र असतं. कुठला आकडा, कुठल्या कागदावरून, कुठल्या रकान्यातून, कुणी उतरवला, कुणी तपासला. ज्या आकड्यामागे कागद नाही तो मी भरत नाही, रिकामा सोडते. ग्राहकाला रिकामी चौकट आवडत नाही, पण अंदाजाने भरलेली चौकट पुढच्या वर्षी अंगावर येते.

दुसरं काम कॉम्प्रेस्ड एअरचं, म्हणजे यंत्रांना लागणाऱ्या दाबाच्या हवेचं. हे माझं सगळ्यात आवडतं काम, कारण ते कानाने करता येतं. कारखान्याला साप्ताहिक सुट्टी असते तेव्हा एकटा कॉम्प्रेसर चालू करायचा. कुणीच हवा वापरत नाही, म्हणजे कॉम्प्रेसर जितका वेळ लोडवर येतो, म्हणजे हवा भरत राहतो, तितकी हवा गळतेय. त्या कारखान्यात ३७ किलोवॉटचा कॉम्प्रेसर होता. घड्याळ लावून बसले. ८० सेकंद लोड, १६० सेकंद अनलोड, पुन्हा ८०, पुन्हा १६०. म्हणजे एक तृतीयांश हवा पाइपातूनच जात होती.

माझ्यासोबत फेटलिंगचे, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्या विभागाचे, मिस्त्री होते, साठीकडे झुकलेले. मी सीएफएमचं, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा याचं, गणित सांगायला लागले तर त्यांना ते कंटाळवाणं वाटलं. मग मी म्हणाले, मिस्त्री, पंखे बंद करा आणि नुसतं ऐका. दोघं अंधाऱ्या शेडमध्ये उभे राहिलो. आधी काहीच नाही, मग हळूहळू सगळीकडून फुसफुस. ग्राइंडरच्या होजला पडलेली चीर, कपलिंगचं गेलेलं वॉशर, मोल्डिंग मशीनखालचा व्हॉल्व्ह. मिस्त्री गप्प झाले. मग म्हणाले, "मॅडम, ही हवा फुकट न्हाई येत व्हय?"

"वर्षाला सहा लाखांची जातेय."

त्यांनी कोपऱ्यातलं एक जुनं लाल कापड घेतलं, टराटरा फाडलं, आणि जिथं साबणाच्या पाण्याला फुगे आले तिथं चिंधी बांधत गेले. पहाटेपर्यंत ४१ चिंध्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मालक शेडमध्ये आले आणि दारातच थांबले. जिकडे बघावं तिकडे लाल. मी तीस पानांचा अहवाल दिला असता तर त्यांनी तो वाचला नसता. चिंध्या त्यांनी स्वतः मोजल्या. गळती दुरुस्त झाली की चिंधी सोडायची, असा नियम मिस्त्रींनीच घातला.

इथे मला या धंद्याबद्दल एक गोष्ट ठामपणे वाटते. सल्लागार बाहेरून येतो आणि आतल्या माणसाला शिकवतो, ही कल्पनाच चुकीची आहे. भट्टीचं झाकण का उघडं राहतं याचं उत्तर मी पुस्तकात "निष्काळजीपणा" असं वाचलं होतं. ते मेल्टिंगच्या माणसाला विचारलं तेव्हा कळलं की लांब स्क्रॅप भट्टीत उभं राहतं, झाकण बसतच नाही. स्क्रॅप कापून घ्यायची सोय केली आणि झाकण बसायला लागलं. टनाला ६५० युनिट लागायचे ते ६१० वर आले. झाकणाला कुणी हात लावला नव्हता.

वाईट अनुभवही आले. एका युनिटशी मी असा करार केला की फी नको, वर्षभरात जी बचत होईल तिच्या २० टक्के द्या. मला वाटलं, यात माझा कामावरचा विश्वास दिसेल. वर्षाच्या मध्यावर त्यांच्या ऑर्डर वाढल्या, उत्पादन दीडपट झालं, बिलही वाढलं. ते म्हणाले, बिल तर वाढलंय, बचत कुठाय? टनामागे वीज कमी झाली होती, पण करारात आम्ही "बिल" असा शब्द लिहिला होता. सात महिन्यांच्या कामाचे मला काहीच मिळाले नाहीत. भांडून उपयोग नव्हता, शब्द माझेच होते. आता काम सुरू करण्याआधी एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घेते की चांगल्या कास्टिंगच्या एका टनामागे किती युनिट, गेल्या बारा महिन्यांची सरासरी किती, आणि रिजेक्शन किती. "चांगल्या" हा शब्द महत्त्वाचा. आठ टक्के माल रिजेक्ट होत असेल तर तितकं लोखंड दोनदा वितळवलं जातंय. कित्येकदा विजेची सगळ्यात मोठी बचत क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये असते.

पैसे उशिरा मिळण्याचं दुखणं वेगळंच. एका मोठ्या कंपनीने माझं बिल आठ महिने अडवलं. आम्ही लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेले, कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. पण पुढचं काम त्यांच्याच हातात असतं तेव्हा कायद्याचं पान काढून दाखवायला जीव धजत नाही. बिल काढलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला १८ टक्के जीएसटी मात्र भरावाच लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. त्या आठ महिन्यांत मी घरातलं सोनं गहाण ठेवून पगार दिला. हे लिहिताना अजून जड जातं. तेव्हापासून ४० टक्के आगाऊ घेतल्याशिवाय साइटवर पाय ठेवत नाही, आणि उरलेले टप्प्याटप्प्याने. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या मुलांना मी हे पहिल्याच भेटीत सांगते, कारण काम चांगलं असूनही याच एका कारणाने ऑफिसं बंद पडताना मी पाहिली आहेत.

२०२३ च्या ऑक्टोबरपासून फोन अचानक वाढले. युरोपीय संघाने सीबॅम सुरू केला होता, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लोखंड, अॅल्युमिनियम, सिमेंट वगैरे मालामागे किती कार्बन आहे ते दर तिमाहीला कळवायचं होतं. प्रत्यक्ष पैशांचा भाग २०२६ पासून ठरला होता. आपल्याकडे बातमी अशी पसरली की युरोपला जाणाऱ्या सगळ्या लोखंडी मालावर कर बसणार. मी यादी घेऊन बसले. नट-बोल्ट, पाइप, पाइप फिटिंग यादीत होते. मशिनिंग करून इंजिनाचा किंवा वाहनाचा भाग म्हणून जाणाऱ्या मालाचे सीमाशुल्काचे कोड त्या वेळी यादीत नव्हते. मला घाबरून फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांचा माल त्यात बसतच नव्हता. त्यांना मी तसं सांगितलं, कोड दाखवला आणि फी घेतली नाही. त्या वर्षी हातचे काही लाख गेले. त्यातल्याच दोघांनी पुढे ऊर्जेच्या कामासाठी बोलावलं, बाकीच्यांनी नाही. तरी मी तेच सांगितलं असतं.

ज्यांना खरंच लागू होतं त्यांचं काम मात्र डोकं शिणवणारं. चाकणच्या एका बोल्ट बनवणाऱ्या कारखान्यात आम्ही दोन महिने मोजमाप केलं आणि लक्षात आलं की बोल्टमागच्या कार्बनचा मोठा हिस्सा त्यांच्या कारखान्यात नाहीच. तो आहे वायर रॉडमध्ये, म्हणजे ज्यापासून बोल्ट बनतो त्या जाड तारेत, जो दूरच्या पोलाद कारखान्यात तयार होतो. त्या कारखान्याला पत्रं लिहिली, मेल केले, पण महिन्याला दोन ट्रक माल घेणाऱ्याला कोण उत्तर देणार. जुलै २०२४ पर्यंत युरोपीय संघाने ठरवून दिलेले आकडे वापरायची मुभा होती, म्हणून पहिल्या तिमाह्या निभावल्या. नंतर तिथल्या बारा बोल्टवाल्यांनी एकत्र येऊन एकच पत्र लिहिलं. त्याला उत्तर आलं.

आणि एक प्रसंग, ज्यात मी काम सोडलं. एका उद्योजकांना माहितीपत्रकावर "कार्बन न्यूट्रल" छापायचं होतं. त्यांनी ५०० रोपं लावली होती, मनापासून लावली होती, शाळेच्या मुलांना बोलावून. त्यांचं वर्षाचं उत्सर्जन दीड हजार टनांच्या वर. मी म्हणाले, झाडं लावलीत ते फार चांगलं केलंत, सावली येईल, पाखरं येतील, पण ती या गणितात धरू नका. ते दुखावले. मी सही केली नाही, दुसऱ्या कुणी केली. वर्षभराने त्यांच्या परदेशी ग्राहकाने त्या दाव्यामागचे कागद मागितले, तेव्हा ते परत आले. आम्ही माहितीपत्रकातून ते दोन शब्द काढले आणि कॉम्प्रेसरपासून सुरुवात केली.

आज आम्ही पाच जण आहोत. त्यातल्या दोघी पॉलिटेक्निक झालेल्या, इचलकरंजीच्या. त्यांच्या घरी "फाउंड्रीत मुलगी कशी जाणार" हा प्रश्न होता, म्हणून पहिल्या साइटला त्यांच्या आईंना सोबत घेऊन गेले. सेफ्टी शूज घालून त्या माउली भट्टीसमोर उभ्या राहिल्या, हीट, म्हणजे भट्टीतलं वितळलेलं लोखंड, ओतताना बघितली, आणि नंतर काही बोलल्या नाहीत.

मिस्त्रींच्या फाउंड्रीत आता मला दर महिन्याला जावं लागत नाही. मिस्त्रींनी कॉम्प्रेसर रूमच्या भिंतीवर एक फळा लावलाय. त्यावर मराठीत दोनच ओळी. या महिन्यात टनाला किती युनिट, आणि चिंध्या किती. मालक केबिनमध्ये जायच्या आधी तिथं थांबतात.

वाळूचं मात्र अजून सुटलेलं नाही. साच्यांतली जळून काळी पडलेली, पुन्हा न वापरता येणारी वाळू दर महिन्याला कित्येक टन निघते आणि कंपाउंडच्या मागे तिचा डोंगर झालाय. पावसाळ्यात त्याचं काळं पाणी ओढ्याला जातं, आणि ओढा पंचगंगेला. हातकणंगल्याच्या एका पेव्हर ब्लॉकवाल्याने खडीच्या बारीक चुरीऐवजी दहा, वीस आणि तीस टक्के ही वाळू घालून ब्लॉक पाडून बघितले. सात दिवसांची ताकद तपासली तेव्हा वीस टक्क्यांचे टिकले, तिसाचे कोपऱ्यातून तुटले. सोमवारी २८ दिवस पूर्ण होतील. आम्ही सगळे लॅबला जाणार आहोत, मिस्त्रीही येतो म्हणालेत.